इंजिन एकाचं, टाकीवर नाव दुसऱ्याचं

अमेरिकेतल्या सुरुवातीच्या मोटरसायकलींच्या याद्या चाळल्या की शेकडो नावं समोर येतात. इंडियन आणि हार्ली सगळ्यांना ठाऊक असतात. रेसिकल, रीडिंग स्टँडर्ड, मर्केल, एम्ब्लेम, शिकेल ही नावं मात्र तिथल्याही फारशा कुणाला सांगता येत नाहीत. यातल्या काहींनी खरोखर गाड्या घडवल्या, काहींनी विकतच्या भागांची जुळणी केली, तर काही फक्त भांडवल गोळा करण्याच्या जाहिरातीपुरत्या होत्या. म्हणून कुठलंही अनोळखी नाव हाती आलं की पहिला प्रश्न एकच विचारावा: याचं इंजिन कुणी बनवलं?

या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा शिकागोच्या पश्चिमेला साधारण ६५ किलोमीटरवर, फॉक्स नदीकाठच्या ऑरोरा गावात सापडतं. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या इंडियनकडे सुरुवातीला इंजिनं बनवण्याइतकी यंत्रसामग्री नव्हती. इंडियनचा अभियंता ऑस्कर हेडस्ट्रॉमने आखलेली इंजिनं १९०२ पासून ऑरोरा ऑटोमॅटिक मशिनरी कंपनी बनवून देऊ लागली. इंडियनला रॉयल्टी देऊन तीच इंजिनं ‘थॉर’ नावाने इतरांना विकायची मुभाही तिला होती. मग सायकली बनवणारे कारखानदार थॉरचं इंजिन आणि सुटे भाग घ्यायचे, नळ्या जोडून सांगाडा उभा करायचे आणि टाकीवर आपलं नाव रंगवायचे. १९०७ च्या सुमारास हा करार संपला. इंडियन स्वतःची इंजिनं बनवू लागली आणि थॉर स्वतःच्या नावाने पूर्ण गाड्या विकू लागली.

जुने फोटो ओळखताना हाच इतिहास गोंधळ घालतो. सीटखालच्या नळीच्या जागी तिरकं बसवलेलं एकच सिलिंडर आणि मागच्या मडगार्डवर उंटाच्या वशिंडासारखी टाकी दिसली की लोक ‘इंडियन’ म्हणून मोकळे होतात. त्या काळच्या थॉर इंजिनाच्या बऱ्याच गाड्या अशाच दिसत. टाकीवरची अक्षरं पुसट असतील तर नुसत्या आकारावरून नाव देऊ नका. फोटो कुठल्या गावचा, स्टुडिओ कुठला, तिथे विक्रेता कोण होता, हे आधी शोधा.

आता शोधाचं काम. बरंचसं पुण्यात किंवा नागपुरात बसूनही होतं. अमेरिकेत ९५ वर्षांहून जुनं छापील साहित्य हक्कमुक्त आहे, त्यामुळे त्या काळची व्यापारी मासिकं हाथीट्रस्ट आणि इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयांवर भारतातूनही वाचता येतात. हाथीट्रस्टवरचे काही खंड सदस्य ग्रंथालयाच्या लॉगिनशिवाय पूर्ण उतरवता येत नाहीत. अशा वेळी एकेक पान घ्यावं. ‘मोटरसायकल’ एवढ्याच शब्दावर थांबू नका, ‘मोटर बायसिकल’ आणि ‘मोटोसायकल’ही शोधा. ‘थॉर’ शोधलात तर ओळीच्या शेवटी तुटलेला ‘ऑथर’ शब्द ढिगाने येईल. ‘येल’ मोटरसायकल शोधलीत तर विद्यापीठ आणि कुलपं येतील. त्यापेक्षा कंपनीचं पूर्ण नाव आणि गाव टाकावं. आणखी एक अडचण अशी की ग्रंथालयं खंड बांधताना जाहिरातींची पानं काढून टाकत, आणि नेमकी माहिती तिथेच असे. एका प्रतीत पान नसेल तर दुसऱ्या ग्रंथालयाची प्रत बघा.

पेटंटवर दोन तारखा असतात, अर्जाची आणि मंजुरीची. त्यांच्यात कधीकधी काही वर्षांचं अंतर पडतं. कालक्रम लावताना अर्जाची तारीख धरा. पेटंट कुठल्या कंपनीच्या नावे केलं आहे तेही वाचा, संशोधक कुणासाठी काम करत होता ते तिथे कळतं.

सगळ्यात मोलाचं साधन म्हणजे सॅनबोर्न कंपनीने विमा कंपन्यांसाठी काढलेले, इमारती दाखवणारे आगविम्याचे नकाशे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ते फुकट आहेत. एका इंचाला पन्नास फूट हे नेहमीचं प्रमाण. गुलाबी म्हणजे विटांची इमारत, पिवळी म्हणजे लाकडी. कारखान्याच्या एकेका खोलीत काय चालतं, वीज-वाफेची सोय काय, रात्रीचा पहारेकरी आहे की नाही, सगळं लिहिलेलं असतं. नकाशावर ओतशाळा नसेल आणि यंत्रशाळा जेमतेम एका खोलीची असेल, तर ‘आमची स्वतःची इंजिनं’ या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. मात्र जुन्या पानांवर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवत, त्यामुळे मुखपृष्ठावरचं वर्ष आणि इमारतीची स्थिती जुळेलच असं नाही. आणि स्कॅन काळा-पांढरा असेल तर रंगांचा उपयोगच उरत नाही.

अशा अनेक कंपन्या १९१० आणि १९२० च्या दशकांत बुडाल्या. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये ८५० डॉलरला होती, ती १९१६ मध्ये ३६० वर आली, आणि कुटुंबाला बसता येणाऱ्या गाडीपुढे दुचाकीचा धंदा बसला. दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीची फाइल फेडरल कोर्टाच्या कागदांत असते. इलिनॉय, विस्कॉन्सिन, ओहायो या राज्यांचे असे कागद अमेरिकेच्या सरकारी अभिलेखागाराच्या, म्हणजे नॅशनल आर्काइव्ह्जच्या शिकागो शाखेत आहेत. बहुतांश स्कॅन झालेले नाहीत. आधी स्थानिक वर्तमानपत्रातली दिवाळखोरीची नोटीस शोधा, तिच्यातून कोर्टाचा जिल्हा आणि तारीख घ्या, त्यावरून खटल्याचा क्रमांक मिळवा आणि मग शाखेला ईमेल करून नकला मागवा. त्यासाठी शुल्क पडतं. फाइलमध्ये धनकोंची यादी असते. इंजिन बाहेरून येत असेल तर त्या पुरवठादाराचं नाव आणि त्याची थकलेली रक्कम तिथे लिहिलेली सापडते.