ढवळ्याची नोंद: एक खाच म्हणजे पाव मिलिमीटर

मागच्या नोंदीत मी दिमाखात लिहिलं होतं की ढवळ्याचे, म्हणजे माझ्या गाडीचे, पुढचे दोन्ही हब (चाकांचे मधले भाग, ज्यात बेअरिंग बसतात) झाले, आता फक्त मागचे ब्रेक राहिले. ते शब्द गिळतो. कागलहून निपाणीला जाऊन परत आलो, दारात गाडी लावली आणि सवयीने चारही चाकांच्या मध्यावर हात फिरवला. डाव्या पुढच्या चाकाच्या टोपीवर बोट क्षणभरही टेकवेना. वर जळक्या ग्रीसचा वास.

संध्याकाळी हब उतरवला. बाहेरच्या बेअरिंगच्या रोलरवर निळी-तपकिरी झाक, एपी-थ्री ग्रीस डांबरासारखं काळं. आठवडाभर जपून घातलेलं बेअरिंग चाळीस किलोमीटरमध्ये भंगारात गेलं. चूक बेअरिंगची नाही, दुकानदाराचीही नाही, माझीच. नट हाताने टेकवल्यावर स्प्लिट पिनचं (नट फिरू नये म्हणून आरपार घालायच्या पिनेचं) भोक आणि कॅसल नटची (माथ्यावर खाचा असलेल्या नटाची) खाच जुळेना. मागे घेतलं तर चाकाला शेक राहील, या भीतीने मी टॉमी लावून नट पुढच्या खाचेवर नेला. तिथेच बेअरिंग आवळलं गेलं. एकदा मोकळीक संपली की चालताना कोन (बेअरिंगची आतली कडी) आणि रोलर तापतात, तापले की फुगतात, फुगले की अजून आवळतात.

एका मित्राने विचारलं होतं की ॲक्सल नट म्हणजे 200 न्यूटन-मीटरच्या पुढे आवळायचा असतो ना? बाबा, ते फोर-बाय-फोरच्या नाहीतर फ्रंट व्हील ड्राइव्हच्या सीलबंद बेअरिंगचं. तिथे नट दाबून धरतो आणि आतली मोकळीक कारखान्यातच ठरलेली असते. आपल्या टेपर रोलरला (निमुळत्या रोलरच्या बेअरिंगला) मोकळीक नटच देतो. हब हाताने फिरवत फिरवत नट 30 न्यूटन-मीटरपर्यंत न्यायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग पूर्ण सैल करून नुसत्या बोटांनी टेकवायचा. जुन्या पुस्तकात हाच आकडा 3 केजीएम (किलोग्रॅम-मीटर) असा दिसेल, घाबरू नका, दोन्ही जवळपास एकच. अशा हबला साधारण 0.025 ते 0.125 मिलिमीटर प्ले (मोकळीक) चालतो. मला 0.05 हवा होता.

नवीन कप (बेअरिंगची बाहेरची कडी) बसवणं मात्र सुखाचं झालं. रात्रभर फ्रीझरमध्ये मटाराच्या पिशवीशेजारी ठेवला, सकाळी पितळी पंचाने चार हलके ठोके, आणि तळाला टेकल्याचा तो घट्ट ‘टक्’. घरातून मटारावरून जे ऐकावं लागलं ते वेगळं.

आता खरा घोळ. या वेळी शहाण्यासारखा नट मागच्या खाचेवर घेतला आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला बेकर कंपनीचा डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) लावला. (रविवारी सकाळी लवकर जा. नवा घ्यायची गरज नाही, काटा अडखळत नाही एवढं पाहायचं.) पहिलं रीडिंग 0.19, दुसरं 0.24, तिसरं 0.16. अर्धा दिवस गेजला शिव्या दिल्या, पण गेज बिचारा बरोबर होता. हब नुसता आत-बाहेर ओढून चालत नाही, ताज्या ग्रीसमध्ये रोलर तिरके राहतात. आत दाबत दोन-तीन फेरे फिरवायचा, शून्य लावायचं, मग बाहेर ओढत तेवढेच फेरे, आणि मग वाचायचं. असं केल्यावर दहा वेळा 0.19 आलं. (तोवर ब्रेकचा कॅलिपर तारेने टांगून ठेवा, होजवर लोंबकळू देऊ नका.)

0.19 म्हणजे जास्तच. एवढ्या प्लेने डिस्क डुलते, ब्रेकचे पॅड मागे ढकलले जातात आणि पहिला ब्रेक खोल जातो. मग पिच गेज काढला. आट्यांचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात नट सरकतो ते अंतर, 1.5 मिलिमीटर. नटला सहा खाचा, स्पिंडलला (ज्या दांड्यावर हब फिरतो त्याला) आरपार एकच भोक, म्हणजे एक खाच म्हणजे 60 अंश, म्हणजेच पाव मिलिमीटर. डोक्यात उजेड पडला तो इथे. मला हवं 0.05, एका खाचेवर मिळतं 0.19, तर पुढच्या खाचेवर 0.06 उलटं, म्हणजे आवळलेलं. मधे काही नाहीच! मी कितीही जपून आवळला असता तरी या नटावर ते जमणारच नव्हतं.

शेजारचे मामा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, बघत उभे होते. म्हणाले, “खाच मिळंना तर नट मागं घ्यायचा गड्या, म्होरं कधी न्हाई.” त्यांनी बसवलेल्या उजव्या बाजूला गेज लावला तर 0.07. मी वाहवा केली तर म्हणाले, “हात न्हाई माझा, तिथं खाच गावली.”

पहिला उपाय, दुसरे नट. आटे कुठून सुरू होतात ते प्रत्येक नटाचं वेगळं, त्यामुळे खाचही वेगळ्या जागी येते. दोन आणले. एकाने 0.23 दिलं. दुसऱ्याने 0.12, काठावर पास, पण त्याचं तोंडच तिरकं, वॉशरवर एका बाजूनेच टेकत होतं. त्या दुकानात परत जाणार नाही.

दुसरा उपाय, नटाखालचा जिभेचा वॉशर 0.11 ने पातळ करून नट पुढच्या खाचेवर न्यायचा, म्हणजे उलटं 0.06 सुलटं 0.05 होतं. काचेवर पॉलिश पेपर ठेवून दोन संध्याकाळी घासला. मायक्रोमीटर लावला तर एका बाजूला 0.04 ने जास्त गेलेला. पाचर तयार झाली होती. वॉशरखाली शिम घालून मागच्याच खाचेवर राहण्याचा मोह झाला, पण पातळ पत्रा तिथे चेपून जाईल असं वाटलं.

शेवटी नवा वॉशर घेऊन कोल्हापुरात उद्यमनगर गाठलं. सरफेस ग्राइंडरवाल्याने वॉशरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, “एवढ्यासाठी कागलहून आलाय?” म्हणून हसला आणि चहा येईपर्यंत काम करून दिलं. पैसे चहाएवढेच घेतले. घरी येऊन बसवला, फिरवला, दाबला, ओढला, काटा 0.06 वर थांबला. नवी स्प्लिट पिन भोकात सरळ उतरली, हातोडीची गरज नाही. टोपी बसवायच्या आधी मी ती पिन उगाचच पाच मिनिटं बघत बसलो.

परत निपाणी. या वेळी इन्फ्रारेड थर्मामीटर, डावा 46, उजवा 44 अंश. ब्रेक पहिल्याच दाबात वर.

आता मागच्या ब्रेकला हात घालणार होतो, पण हे लिहितानाच एक सुचलं. कॅसल नटाऐवजी साधा षटकोनी नट, आणि त्यावर खाचांची पत्र्याची टोपी घातली तर? टोपी नटावर सहा प्रकारे बसते. तिला 10 खाचा पाडल्या तर 60 आणि 36 अंशांच्या मेळातून पायरी 12 अंशांची होते, म्हणजे 0.05 मिलिमीटर! 8 खाचा असल्या तर 15 अंश, 0.06 च्या आसपास. अशा टोप्या काही गाड्यांना मुळातच येतात, भंगारात मापाची मिळाली तर उत्तमच. नाहीतर त्याच ग्राइंडरवाल्याच्या शेजारी टर्नर बसतो. मागचे ब्रेक आठवडाभर थांबतील. नटाची उंची आणि भोकाचं टोकापासूनचं अंतर मोजायला डाव्या चाकाची टोपी पुन्हा काढावी लागेल, हे मात्र मामांना अजून सांगितलेलं नाही.