पाचगणीच्या घरासाठी गिझर घेताना

पाचगणीजवळच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात वर्षाकाठी जेमतेम पंचवीस-तीस दिवस राहणं होतं. जुना गिझर गळायला लागला तेव्हाच ठरवलं, आता साठवणीचा नको. बंद घरात महिनोन् महिने तेच पाणी त्याच्या पोटात पडून राहतं.

मनात होता तो विजेवरचा ३ किलोवॅटचा इन्स्टंट. पण डिसेंबरातल्या सकाळी नळाखाली थर्मामीटर धरला, तर पाणी १५ अंश. आईला बादलीनेच आंघोळ लागते आणि पाणी चांगलं ४० अंशांचं हवं. २० लिटरची बादली तेवढी तापवायला ३ किलोवॅटला साधारण १२ मिनिटं लागतात. तेही चालवून घेतलं असतं. मग वायरमनने मीटरपाशी व्होल्टेज मोजलं: १८०. व्होल्टेज २३० वरून १८० वर आलं की ३ किलोवॅटचे जेमतेम १.८ उरतात. म्हणजे एका बादलीला १९ मिनिटं. शहात्तर वर्षांच्या आईला त्या गारठ्यात तेवढा वेळ ताटकळत ठेवायचं? विजेचा विचार तिथेच सोडला.

राहिला गॅस गिझर. मिनिटाला ६ लिटर, साडेतीन मिनिटांत बादली. पण त्याचं नाव काढलं तरी माझ्या पोटात गोळा येतो. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साठून माणसं गेल्याच्या बातम्या किती वाचल्या आहेत आपण! त्याला ना रंग, ना वास. चक्कर येते, हातपाय गळतात आणि कडी काढण्याचंही त्राण राहत नाही. प्लंबर म्हणाला, "ताई, सगळे आतच लावतात. वर झरोका आहे की." थंडीत तो झरोका कोण उघडा ठेवणार? मी हटूनच बसले. शेवटी गिझर बाहेर लागला, पूर्वेच्या भिंतीवर, पत्र्याच्या मोकळ्या पडवीत. आमच्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून असतो. सिलिंडरही तिथेच. आत आला तो फक्त गरम पाण्याचा पाइप. खर्च वाढला, पण त्या पैशांबद्दल मला तेव्हाही वाईट वाटलं नाही.

आणि मग तो पेटेचना! नळ सोडला तरी ठिणगीचा टकटक आवाज नाही. आत एक रबरी पडदा असतो, पाण्याच्या जोराने तो ढकलला गेला तरच गॅस सुटतो. आमची टाकी थेट स्लॅबवर टेकलेली, गिझरपासून जेमतेम पाच फूट उंच. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, त्या हिशोबाने आमचा ०.१५. गिझरच्या माहितीपत्रकात किमान ०.२५ लिहिलेलं. हे घेण्याआधी बघायला हवं होतं. प्रेशर पंप सुचवला गेला, पण तो पुन्हा त्याच विजेवर. वाईहून चार फुटी लोखंडी स्टँड करून आणला आणि टाकी त्यावर चढवली.

आता निघताना रेग्युलेटर बंद करते, गिझरमधलं पाणी सोडून देते आणि ठिणगीसाठीचे दोन जाडे सेल काढून फडताळात ठेवते.

स्टँड बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई आंघोळीला गेली. मी पडवीत निळ्या ज्योतीकडे बघत उभी होते. आतून हाक आली, "अगं, कढत आहे हे, विसण दे जरा!"