कुंपणालगतची ओळ आणि चौकोनी वाफा : देशी मक्याची खरिपातील नोंद

जुळे सोलापूरमधील परसात या खरिपात एकाच पिशवीतले देशी मक्याचे बियाणे मी दोन प्रकारे लावले होते: काही रोपे जाळीच्या कुंपणालगत उत्तर-दक्षिण अशा एकाच लांब ओळीत, आणि तेवढीच रोपे चार ओळींच्या चौकोनी वाफ्यात. माती, शेणखत आणि पाणी दोन्हीकडे सारखेच असल्याने कणसे सोलल्यावर दिसलेला फरक मी मुख्यतः मांडणीचाच मानतो.

ओळीतील कणसांवर दाण्यांच्या रांगा जागोजागी तुटलेल्या होत्या आणि शेंडे बोडके राहिले होते. वाफ्यातील मधल्या झाडांची कणसे मात्र जवळजवळ शेंड्यापर्यंत भरली. कणसाच्या प्रत्येक केसामागे एकच दाणा धरतो, आणि तुऱ्यातून झडणारा पराग वाऱ्यावर विसंबून असला तरी जड असल्यामुळे बहुतांशी काही मीटरांतच खाली बसतो. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे एकेरी ओळीचा पराग आडवा उडून मोकळ्या अंगणात पडला, तर वाफ्यात तोच पुढच्या ओळीच्या केसांवर उतरला. वाफ्याचीही पश्चिमेकडची ओळ, जिच्यामागे पराग देणारे कोणीच नव्हते, थोडी विरळच भरली. शेंड्याकडचे केस सर्वांत शेवटी बाहेर पडतात, तोवर तुरे रिकामे होत आलेले असतात. म्हणून उणीव प्रथम तिथेच दिसते.

सूर्यफुलाचे गणित वेगळे आहे, कारण तिथे काम मधमाशीचे. अनेक जुन्या सरळ (संकरित नसलेल्या) वाणांना स्वतःचा पराग चालत नाही, त्यामुळे फाटकापाशी एकटे उभे असलेले झाड कितीही देखणे असले तरी त्याच्या बिया बव्हंशी पोचट निघतात. माशी सहसा लगतच्याच फुलावर जात असल्याने झाडे घोळक्यात हवीत; मात्र तो सगळा घोळका एकाच फुलाच्या बियांपासून वाढवलेला असेल, तर सख्ख्या भावंडांपैकी काहींचा पराग एकमेकांना लागू पडत नाही.

राहिला शुद्धतेचा प्रश्न. प्रमाणित बियाण्यासाठी मक्याला 200 मीटर विलगीकरण अंतर, म्हणजे दुसऱ्या वाणाच्या मक्यापासून दुरावा, लागतो, जो शहरी परसात अशक्यच. शेजारी मधुमका असेल तर त्याची भेसळ त्याच हंगामाच्या कणसावर ओळखूही येत नाही, कारण गोडीचा गुण अप्रभावी, म्हणजे देशी मक्याच्या गुणाखाली झाकला जाणारा, असतो. सुरकुतलेले दाणे पुढच्या पिढीत दिसू लागतात. म्हणून पुढील खरिपात शेजाऱ्यांची पेरणी विचारून घेऊन माझी साधारण तीन आठवडे मागे ठेवणार आहे, म्हणजे दोन्ही मके एकाच वेळी फुलोऱ्यात येणार नाहीत, आणि बियाणे वाफ्याच्या मधल्या शक्य तितक्या झाडांवरून थोडे थोडे घेणार आहे.