स्टेरॉइड एकदम का सोडू नये?

उत्तर मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथींत आहे. एकेकीचं वजन जेमतेम 4 ते 5 ग्रॅम. उजवी त्रिकोणी टोपीसारखी, डावी चंद्रकोरीसारखी. चिरली की बाहेर पिवळी साल आणि आत लालसर-तपकिरी गर दिसतो. पिवळेपणा स्निग्ध पदार्थांचा. सालीतली सगळी संप्रेरकं कोलेस्टेरॉलपासूनच बनतात.

सालीला तीन पदर. वरचा अल्डोस्टेरॉन बनवतो: सोडियम राखायचं, पोटॅशियम लघवीवाटे घालवायचं. मधला, सर्वांत जाड पदर कॉर्टिसॉलचा. रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर त्याच्या जोरावर टिकते. आतला पदर पुरुषी संप्रेरकांचा कच्चा माल पुरवतो. गरात अ‍ॅड्रेनलिन तयार होतं, पण सालीतून झिरपणारं कॉर्टिसॉल मिळालं तरच ते पुरेसं बनतं. ही रचना मला फार सुंदर वाटते.

कॉर्टिसॉलचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येतो, एसीटीएच या संप्रेरकाच्या रूपात. पातळी सकाळी सर्वाधिक, मध्यरात्री सर्वांत कमी. म्हणून तपासणीचं रक्त सकाळी 8च्या सुमारास घेतात.

आता कॉर्टिसॉलसारखंच काम करणाऱ्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइड गोळीचं उदाहरण पाहू. रोज 5 मिलिग्रॅम म्हणजे साधारण शरीराची स्वतःची गरज. त्याहून जास्त डोस तीन-चार आठवडे चालला, की पिट्युटरी गप्प होऊ शकते आणि मधला-आतला पदर सुकतो. मग गोळी एकदम सोडली तर कॉर्टिसॉल येणार कुठून? गळून जाणं, उलट्या, रक्तदाब आणि साखर उतरणं सुरू होतं. ग्रंथी पुन्हा जागी व्हायला महिनेही लागतात, म्हणून डोस पायरी-पायरीने उतरवतात. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि पुडी संपल्यावर नेमकं हेच घडतं.

अ‍ॅडिसनच्या आजारात ग्रंथीच नष्ट होते. आपल्याकडे त्यामागे क्षयरोगही असतो. तिथे अल्डोस्टेरॉनही जातं, त्यामुळे मीठ खावंसं वाटतं आणि पोटॅशियम चढतं. एसीटीएच वाढून त्वचा काळवंडते. सावळ्या माणसात ते चेहऱ्यावर शोधू नका. हिरड्या आणि तळहाताच्या रेषा पाहा. गोळी सोडल्याने आलेल्या त्रासात हा काळेपणा नसतो, कारण तिथे एसीटीएचच कमी असतं.

हायड्रोकॉर्टिसोन (म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसॉल) चालू असलेल्यांनी ताप आला की, डॉक्टरांनी आधीच ठरवून दिल्याप्रमाणे, डोस साधारण दुप्पट करायचा असतो. उलटीत गोळी टिकत नसेल तर अंगावर काढू नका: 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाईन लागतं, तेही तातडीने. शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना गोळीचं नाव आणि डोस सांगा, गेल्या वर्षभरात बंद केलेली असली तरी.