तुम्ही विचारलंत म्हणून: आयपॅडला कीबोर्ड कशाला?

आयपॅडला बोट लावलं की काम होतं, मग हा कीबोर्ड कशाला जोडलायस? आणि कीबोर्डच हवा होता तर सरळ लॅपटॉप का नाही घेतलास? हे दोन प्रश्न मला सोसायटीत, लग्नकार्यात, अगदी दवाखान्यात नंबर लावून बसले असतानाही विचारले गेलेत. आजवर "सवय झालीय" म्हणून वेळ मारून नेली. आता नीट सांगते.

माझे हात थरथरतात, हे तुम्ही पाहिलंच आहे. पार्किन्सन नाही, डॉक्टर याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. हात मांडीवर निवांत असला की बहुतेक शांत असतो. काही घ्यायला, दाखवायला पुढे केला की थरथर सुरू. म्हणजे हात अधांतरी धरायचा आणि काचेवर नखाएवढ्या जागी नेमकं बोट टेकवायचं, ही माझ्यासाठी सगळ्यात अवघड हालचाल; टचस्क्रीनला नेमकी तीच हवी असते. मागच्या पानावर जायला बोट न्यावं तर शेजारची जाहिरात उघडते. कीबोर्डवर मनगट टेकलेलं असतं. बटणाची कडा बोटाला लागते, आधी बोट ठेवता येतं आणि मग दाबता येतं.

लॅपटॉप होता. त्यात बटणांच्या खाली ट्रॅकपॅड, तळहात जरा घासला की कर्सर भलत्याच ओळीत. आयपॅड स्टँडवर डोळ्यांसमोर राहतो, कीबोर्ड सुटा असल्यामुळे मांडीवर ओढून घेता येतो आणि कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकतात. बोलून का नाही करत, असंही विचारता. बँकेचे आकडे आणि ओटीपी घरभर ऐकू जातील असे मोठ्यानं बोलू?

सफारीत, म्हणजे आयपॅडच्या ब्राउझरमध्ये, कमांड-एल (कमांडचं बटण धरून एल) दाबलं की वरच्या पत्त्याच्या जागी जाते, कमांड-टीनं नवा टॅब, कमांड-डब्ल्यूनं बंद. नको तो टॅब बंद झाला तर कमांड-शिफ्ट-टीनं परत येतो. स्पेसनं पान खाली सरकतं, शिफ्ट-स्पेसनं वर. पाठांतर लागत नाही. कमांड नुसतं दाबून धरलं की शॉर्टकटची यादी समोर येते. पण खरी सोय सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली आहे. स्टिकी कीज चालू केलं की दोन बटणं एकदम धरावी लागत नाहीत, एकामागून एक दाबली तरी चालतात. स्लो कीजमुळे बोट क्षणभर टिकलं तरच बटण धरलं जातं, थरथरीतले ओझरते धक्के वगळले जातात. आणि फुल कीबोर्ड ॲक्सेसमध्ये टॅबचं बटण दाबत गेलं की पानावरच्या एकेका गोष्टीभोवती चौकट येते. हवी ती आली की स्पेस. हे जमलं तेव्हा किती मोकळं वाटलं, ते सांगूनही कुणाला पटत नाही.

आता ती गोष्ट, जी मी टाळत आले.

मेडिक्लेम दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करायची होती, मुदत जवळ आली होती. फॉर्म ऑनलाइन. नाव, जन्मतारीख, मोबाइल, सगळं कीबोर्डनं भरलं. पुढे आजारांचे प्रश्न, प्रत्येकासमोर "हो" आणि "नाही" असे दोन गोल. टॅब दाबलं तर चौकट मोबाइल नंबरवरून उडी मारून थेट तळाच्या "पुढे"वर. मधले सगळे प्रश्न वगळून. ते गोल दिसायला बटणासारखे होते, पण बनवताना कुणी त्यांना बटण केलंच नव्हतं. साधं नेहमीचं बटण ठेवलं असतं तर टॅब आणि स्पेस आपोआप चालले असते. मग बोटानं प्रयत्न केला. मधुमेहासमोर "नाही" करायला गेले, "हो" झालं. ते बदलताना खालच्या प्रश्नाला धक्का. पान वर सरकलं. तेवढ्यात वेळ संपली आणि फॉर्म पहिल्या पानावर. पुन्हा तेच. कंपनीच्या हेल्पलाइनवरची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "मॅम, घरातल्या कुणाला तरी भरायला सांगा ना."

शेजारचा मुलगा आला. गुणी मुलगा आहे, त्याचा काही दोष नाही. हॉलमध्ये बसून तो एकेक प्रश्न मोठ्यानं वाचू लागला, मी उत्तर देत होते. सासूबाई समोर भाजी निवडत होत्या, जाऊबाई आलेल्या होत्या. "काकू, मानसिक आजारासाठी औषधं घेतली आहेत का?" घेतली होती. नवऱ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. खोटं सांगावं तर पुढे क्लेम नाकारला जाणार. मी "हो" म्हटलं. "कोणता आजार, कधीपासून" असे आणखी रकाने होते, तेही वाचले गेले, तेही सांगितले. त्या दिवसापासून घरात माझ्याशी बोलताना सगळे जरा आवाज खाली घेतात. वाईट हेतूनं नाही. पण मला ते नको होतं, आणि ते सांगायचं की नाही हे ठरवणं माझ्या हातात राहिलं नाही.

तुम्ही म्हणता, एवढं काय त्यात. पूर्वी मीही हेच म्हणत असे: जग आपल्यासाठी थांबत नाही, मदत मागायला कमीपणा कसला. माझ्यातल्या त्या जुन्या बाईशी मी अजून भांडते. ती म्हणते, प्रत्येक वेबसाइट एकेका हाताचा विचार करून कशी बनणार? मी तिला सांगते, कुणी नवं काही मागत नाहीये. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, आणि सगळं काम कीबोर्डनं करता आलं पाहिजे हे त्यांच्या 2008 च्या आवृत्तीत अगदी पहिल्या, किमान पायरीवर आहे. वेळेची मर्यादा वाढवून मिळावी हेही तिथेच. आपल्याकडे 2016 चा दिव्यांग हक्कांचा कायदा आहे. ई-केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवता येत नाहीत म्हणून ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया सुप्रीम कोर्टात गेल्या, तेव्हा 30 एप्रिल 2025 ला कोर्टानं डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्यावर ती म्हणते, मग कर तक्रार. तक्रार केली तर तोच आजार पुन्हा कागदावर, पुन्हा चार माणसांत. इथे मी गप्प होते, आणि तिचं बरोबर आहे असंही मला वाटत नाही.

प्रोप्रॅनोलॉल घेते, त्यानं थरथर कमी होते, जात नाही. उद्या वाढली तर कीबोर्डही पुरेल का, सांगता येत नाही. आज पुरतो. बातम्या, वीजबिल, लेकीची पत्रं, बँक, सगळं माझं मी बघते. म्हणून तो आयपॅडला जोडलेला आहे.

पॉलिसीचं पुढे काय, हेही विचारता. नव्या कंपनीचा एजंट म्हणतो, काकू, यापुढे ऑनलाइनच्या भानगडीत पडूच नका, कागदी फॉर्म घरी आणून देतो, फक्त सही करा. माझी सही बँकेतल्या नमुन्याशी जुळेनाशी झालीय, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.