आज तासभर स्कॅनरच्या आत
आज पहिल्यांदाच एफएमआरआयच्या, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कधी कामाला लागतो ते दाखवणाऱ्या स्कॅनच्या, एका अभ्यासात व्हॉलंटियर म्हणून गेले. घड्याळ, अंगठी, केसातली पिन सगळं बाहेर काढून ठेवलं, आत 3 टेस्ला ताकदीचा जबरदस्त मॅग्नेट ना, मग कानात बोळे, डोक्याभोवती पिंजऱ्यासारखी कॉइल, डोळ्यांवर छोटा आरसा आणि ठकठकठक सुरू. काम साधंच, बाण दिसला की उजव्या हाताची बोटं हलवायची, थांबायचं, परत हलवायची.

नंतर त्यांनी माझंच चित्र दाखवलं. डाव्या बाजूला, वरच्या अंगाला एक केशरी ठिपका. उजवा हात, डावा मेंदू, हे शाळेतच वाचलेलं, तरी अंगावर काटा आला.

मला वाटायचं मशीन विचार पकडतं. तसं नाहीये! पेशी कामाला लागल्या की तिथे ताजं रक्त धावतं, ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त चुंबकाजवळ वेगळं वागतं, तो फरक मोजतात, सेजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने 1990 मध्ये दाखवलेली गोष्ट. आणि हा सिग्नल टोकाला पोचायला 5-6 सेकंद लागतात, म्हणजे बोट थांबलं तरी तो चढतोच आहे. 2-3 मिलिमीटरच्या एका ठिपक्यात पेशी मात्र लाखो, आणि रंग नंतर आकडेमोड करून भरलेले. म्हणून मेंदूचा अमुक भाग लाल दिसला म्हणजे माणूस खोटं बोलतोय, असल्या बातम्या वाचल्या की खरंच राग येतो.

शेवटी काही मिनिटं नुसतं पडून राहायचं होतं, तेही रेकॉर्ड करतात, कारण काहीच न करताना पण मेंदू गप्प बसत नाही. पुढच्या सेशनलाही नाव देऊन आलेय.