उघड्या किनाऱ्यासमोर नांगर टाकून काढलेली एक रात्र – माझा अनुभव

शिडाच्या बोटीत रात्र काढायची म्हणलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, नांगर सुटला तर? चांगला नांगर, बरी वाळू आणि पुरेशी चेन असेल तर तो सहसा सुटत नाही. उघड्या किनाऱ्यावर, म्हणजे जिथे ना खाडी ना धक्का, समोर नुसता समुद्र, तिथे खरं डोकं खातो तो दुसराच प्रश्न, निघायचं कधी. आणि रात्री तीन वाजता, अर्धवट झोपेत, थंडीने कुडकुडत हा प्रश्न घेऊन बसलं की उत्तर नेहमी एकच येतं, "थोडं बघू". म्हणून ते संध्याकाळी उजेडातच ठरवून टाकायचं, ही बोटीच्या मालकिणीची, म्हणजे माझ्या मित्राच्या थोरल्या बहिणीची शिस्त. आम्ही सगळेच तिला ताई म्हणतो.

बोट ३३ फुटी, पाण्याखाली १.७ मीटर. आम्ही तिघं उत्तरेकडे चाललो होतो आणि वारा बरोब्बर उत्तरेचाच, त्यामुळे दिवसभर नागमोडी काढत काढत जेवढं अंतर कापायचं होतं त्याच्या निम्मंही झालं नाही. पुढचं बंदर भूशिराच्या पलीकडे, तोंड अरुंद, दोन्ही बाजूंना खडक, आणि तिथे आम्ही पोचणार मध्यरात्री. अनोळखी बंदरात अंधारात शिरायचं नाही यावर तिघांचंही एकमत होतं. मग उरले दोन पर्याय, एकतर रात्रभर बाहेर खोल पाण्यात थांबायचं किंवा भूशिराच्या अलीकडे उघड्यावरच नांगर टाकायचा. खरं सांगायचं तर खोल समुद्रात राहणं कित्येकदा जास्त सुरक्षित असतं, बोटीला खरी भीती किनाऱ्यावर आपटण्याची. पण तिघंही दमलेलो, हवामानाचा अंदाज रात्रभर उत्तरेचा आठ-दहा नॉट (ताशी सागरी मैल) वारा सांगत होता आणि नैर्ऋत्येचा जोरदार वारा दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. भूशिराच्या आडोशाला वारा कमी लागणार होता. फक्त स्वेल, म्हणजे लांबून येणाऱ्या सावकाश लाटा, पश्चिमेकडून थेट येत होता, दीडेक मीटर, दोन लाटांमध्ये अकरा-बारा सेकंद. एवढ्या लांब अंतराचा स्वेल म्हणजे कुठेतरी फार दूर झालेल्या वादळाचा, तो आपल्या वाऱ्याशी काही देणंघेणं ठेवत नाही.

नकाशावर तिथे वाळू दाखवली होती आणि जरा उत्तरेला खडक. ताईचा नकाशावर विश्वास नाही असं नाही, पण तिच्याकडे दोरीला बांधलेलं शिशाचं वजन आहे, खालच्या बाजूला खळगा असलेलं, त्यात ग्रीस भरायचं आणि तळाला टेकवून वर काढायचं. वर आलं तर ग्रीसला करडी बारीक वाळू आणि शिंपल्याचे तुकडे चिकटलेले. मित्र म्हणाला सॅटेलाइटच्या जमान्यात हे काय, तर म्हणाली तुझा सॅटेलाइट वाळूला हात लावून बघतो का. खडकावर किंवा दाट शेवाळावर कुठलाही नांगर भरवशाचा नसतो, त्यामुळे हे दोन मिनिटांचं काम मला तरी पटलं.

मग गणित. साउंडर, म्हणजे खोली मोजणारं यंत्र, ६ मीटर दाखवत होता (आमचा पाण्याच्या पृष्ठभागापासून लावलेला आहे, काही लोकांचा किलच्या, म्हणजे बोटीच्या सगळ्यात खालच्या भागाच्या, खालून असतो, ते आधी बघून घ्यावं). संध्याकाळचे साडेपाच, ओहोटी संपणार आठला, भरती-ओहोटीतला फरक २.४ मीटर. बाराव्या भागाचा नियम असा की सहा तासांत पाणी १, २, ३, ३, २, १ अशा हिशोबाने उतरतं, म्हणजे अजून अंदाजे ०.९ मीटर जाणार, आठला उरणार ५.१ आणि मध्यरात्रीनंतर सव्वादोनच्या भरतीला होणार साडेसात. चेन काढायची ती भरतीच्या खोलीवर, आणि त्यात चेन जिच्यावरून खाली जाते त्या समोरच्या रोलरची पाण्यापासूनची उंची मिळवायची हे बरेच जण विसरतात. ७.५ अधिक १.२ म्हणजे ८.७. नुसती चेन असेल तर पाचपट चालते, दोरी असेल तर सातपट धरतात, आम्ही स्वेल बघून सहापटीच्या थोडं वर गेलो, ५५ मीटर. बोटीवर ८ मिलिमीटरची ६० मीटर चेन होती, म्हणजे जवळजवळ सगळीच.

पण त्याआधी अजून एक काम होतं आणि माझ्या मते सगळ्या संध्याकाळातलं तेच सगळ्यात महत्त्वाचं. वारा कुठूनही आला तरी बोट नांगराभोवती फिरणार, चेनची लांबी आणि बोटीची लांबी धरून ६५ मीटरचा गोल, वर थोडं जीपीएसचं चुकणं धरून ७५. ताईने त्या जागेभोवती तेवढ्या अंतरावरून हळूहळू इंजिनवर एक पूर्ण चक्कर मारली आणि मी साउंडर वाचत होतो. किनाऱ्याच्या बाजूला सगळ्यात कमी ४.९, म्हणजे ओहोटीला ४. लाट साधारण आपल्या उंचीच्या सव्वापट खोलीच्या पाण्यात आली की फुटते, दीड मीटरची लाट दोन मीटर पाण्यात, म्हणजे चार मीटर पाण्यात आपण फुटणाऱ्या लाटांच्या बाहेर. वायव्येला मासेमारीच्या जाळ्यांचे बोये दिसले, ते लगेच प्लॉटरवर (नकाशाच्या पडद्यावर) टाकले. अंधारात पंख्यात जाळं अडकलं तर इंजिन गेलंच समजा.

नांगर टाकताना घाई करायची नाही. बोट वाऱ्याकडे तोंड करून पूर्ण थांबू दिली, मागे सरकायला लागली तेव्हा नांगर सोडला, त्याच क्षणी प्लॉटरवर जागेची खूण केली, कारण बोट ठरलेल्या गोलाबाहेर गेली की वाजणाऱ्या अलार्मचं केंद्र नांगराच्या जागी हवं, बोट नंतर जिथे उभी राहते तिथे नाही. चेन ढिगाने ओतली तर ती नांगरावरच गुंतते, म्हणून बोट जशी मागे जाईल तशी सोडत गेलो. मग रिव्हर्स, आधी अगदी हळू, मग १८०० आरपीएमवर अर्धा मिनिट. मी पुढे चेनवर तळवा ठेवून बसलो होतो. नांगर घसरत असेल तर चेनमधून खडखड हाताला येते, धरला असेल तर चेन ताणून एकदम गप्प होते. पहिल्यांदा थोडी खरखर आली आणि मग बंद. किनाऱ्यावरचा एक मनोरा आणि त्याच्या मागचा टेकडीवरचा दिवा एका रेषेत धरून ठेवले होते, तेही हलले नाहीत. आमचा नांगर नव्या पद्धतीचा, खोलगट पात्याचा, वर कमान असलेला. मित्र लगेच सुरू झाला की जुना, शेतातल्या नांगराच्या फाळासारखा, सीक्यूआर नावाचा नांगर १९३३ साली जी. आय. टेलर या केंब्रिजच्या भौतिकशास्त्रज्ञाने काढला, तोच द्रवगतिशास्त्रवाला, आणि त्याला स्वतःला शिडाच्या बोटींचा नाद होता. माहिती चांगली आहे पण ती चेन सोडताना ऐकायची नसते.

चेनला हूक लावून ८ मीटर नायलॉनची दोरी पुढच्या क्लीटला (दोरी बांधायच्या खुंटीला) बांधली, तिला स्नबर म्हणतात, धक्के ती ताणून खाते आणि विंडलासवर, म्हणजे चेन ओढायच्या यंत्रावर, भार येत नाही. दोरी रोलरवर घासते तिथे पाण्याच्या पाइपचा तुकडा चढवला. सूर्य मावळेपर्यंत नांगर टाकल्याची खूण म्हणून काळा गोळा वर, मग चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा, १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ५० मीटरच्या आतल्या बोटीला एवढा एक दिवा पुरतो. पण तो आमचा डोलकाठीच्या टोकावर, आणि छोट्या होडीतून येणारा माणूस आकाशात बघत नाही, म्हणून कॉकपिटमध्ये (बोट चालवतात त्या जागी) एक जास्तीचा कंदील लटकवला.

मग ताईने वही काढली. "आता ठरवू, नंतर वाद नको." वारा समुद्राकडून आला आणि सलग दहा मिनिटं १२ नॉटच्या वर राहिला की निघायचं. खोली ४ च्या खाली गेली की निघायचं. अलार्म खराखुरा वाजला तर दुसऱ्यांदा वाजायची वाट न बघता निघायचं. निघायची दिशा कंपासवर २५० अंश, एक मैल सरळ, बोये उजवीकडे राहतील. हे आकडे चिकटपट्टीवर लिहून कंपासच्या वर लावले. मेनसेलला (मोठ्या शिडाला) पहिला रीफ बांधून ठेवला, म्हणजे शीड थोडं आखडलं, डिंगी (छोटी होडी) डेकवर घट्ट, इंजिनची किल्ली लावलेलीच. मित्र म्हणाला, "ताई, तू तर आत्ताच निघाल्यासारखी तयारी करतेयस." ती म्हणाली, "हो मग."

रात्रीचं पहिलं सत्र म्हणजे नुसतं लोळणं. वारा उत्तरेचा म्हणून बोटीचं तोंड उत्तरेला आणि स्वेल पश्चिमेचा म्हणून तो बरोब्बर कुशीत. इकडून तिकडे, तिकडून इकडे, कपाटातली प्रत्येक वस्तू बोलायला लागली, एक चमचा कुठेतरी टिंगटिंग वाजत होता तो शेवटपर्यंत सापडला नाही. शेवटी उठून एक लांब दोरी चेनच्या हूकला बांधली आणि बोटीच्या बाहेरून उजव्या मागच्या विंचवर (दोरी ओढायच्या चरकावर) आणून ओढली, थोडी थोडी ओढत गेलं की बोट वाऱ्याला तिरकी होते आणि तोंड स्वेलकडे वळतं. पूर्ण नाही वळली, पंचेचाळीस अंश असेल, पण झोपता येण्याइतका फरक पडला. हे फक्त हलक्या वाऱ्यात करायचं, कारण बोट वाऱ्याला बाजू देते आणि नांगरावरचा ओढा बराच वाढतो, आणि दोरी एका झटक्यात सोडता आली पाहिजे.

एकच्या पाळीला मी होतो. पुढे जाऊन टॉर्चने बघितलं तर तो पाइपचा तुकडा हाताच्या बोटाएवढा पुढे सरकलेला आणि उघड्या पडलेल्या दोरीवर लव उठलेली, अजून तुटली नव्हती पण कापसासारखी पांढरी झाली होती. वीतभर दोरी अजून सोडली म्हणजे घासायची जागा बदलली, आणि पाइपला या वेळी बारीक सुतळीने आवळून टाकलं.

अडीचच्या सुमारास वारा पडला. एकदम. मला ते आवडलं नाही, ताईला त्याहून नाही, ती न बोलवता वर आली. बोट कुठेही तोंड करून उभी, तिरकी दोरी निरुपयोगी, ती सोडून टाकली. मग पायाखाली लाटेची चाल बदलल्यासारखी वाटली, मोठ्या सावकाश स्वेलवर आखूड लाटा चढलेल्या, सहा-सात सेकंदांच्या, नैर्ऋत्येकडून. वारा यायच्या आधी त्याच्या लाटा येतात. तीनला गालावर गार झुळूक, पाच नॉट, मग आठ, मग दहा. म्हणजे दुपारचं जे सांगितलं होतं ते बारा तास आधीच. बोट फिरून नांगराच्या ईशान्येला गेली, आता पाठीमागे किनारा आणि भूशिराचे खडक, फुटणाऱ्या लाटांचा आवाज आधी बाजूने यायचा तो आता मागून.

मित्र वर आला. "अगं नांगर मस्त धरलाय, चेन बघ ना. तीन तासांत उजाडेल, तेव्हा निघू." चुकीचं काहीच बोलला नाही. साउंडर ७ च्या वर, अलार्म गप्प. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, दहाचा वीस झाला तर ओढा दुप्पट नाही, चौपट होतो. आणि भरती सव्वादोनला होऊन गेलेली, पाणी उतरतंय, अशा वेळी बोट टेकली तर पुढच्या भरतीपर्यंत ती तिथेच आपटत राहणार. सव्वातीनला वारा १२ नॉट, मग १३, १४. ताई घड्याळ बघत होती. दहा मिनिटं झाली तसं ती म्हणाली, "चला, उचला," आणि मित्र एक अक्षर न बोलता इंजिनकडे गेला. संध्याकाळच्या वहीचा फायदा तो हाच, कुणाला कुणाचं ऐकावं लागलं नाही.

अंधारात, उसळत्या बोटीत नांगर उचलणं हे टाकण्यापेक्षा चौपट कठीण. मी पुढे लाइफजॅकेटचा पट्टा डेकला अडकवून गुडघ्यांवर, मित्र इंजिनवर, आरडाओरडा वाऱ्यात ऐकू येत नाही म्हणून टॉर्चने खुणा, चेन ज्या दिशेला तिकडे टॉर्च. विंडलासने बोट ओढायची नाही, इंजिनने पुढे न्यायची आणि विंडलासने नुसती ढिली चेन गोळा करायची. तरी बोटीचं टोक लाटेवर वर गेलं की चेन ताणून दोरीसारखी सरळ, तेव्हा थांब, टोक खाली आलं की पटापट दोन मीटर, परत थांब. चेन उभी झाल्यावर ती क्लीटला पक्की केली आणि पुढच्या दोन-तीन लाटांनीच नांगर उपटून दिला. हाताला कळतं ते, सगळा जोर एकदम निघून जातो. नांगर वर आला तो करड्या वाळूचा गोळा घेऊनच, धुवायला वेळ नव्हता, तसाच पिनने अडकवला.

२५० वर एक मैल. तोंडावर पाणी, पट्टीवरचे आकडे लाल दिव्यात, उजवीकडे कुठेतरी ते बोये, दिसले एकही नाहीत पण प्लॉटरवर होते. दोन-तीन मैल बाहेर आल्यावर रीफ केलेलं मेन आणि थोडं जिब (पुढचं शीड) उघडलं, उत्तरेला वळलो, आणि जो वारा आमच्या अंगावर येत होता तोच आता मागून ढकलायला लागला. उजाडेपर्यंत भूशिर मागे पडलं, वारा तेव्हा २० ला टेकलेला, आणि सकाळी लख्ख उजेडात बंदराच्या तोंडातून आत.

मित्र अजूनही म्हणतो नांगर धरला असता. मलाही वाटतं धरला असता. ताईला विचारलं तर म्हणाली, "असताच की. पण सकाळी वीस नॉटमध्ये तो उचलायला पुढे गुडघ्यांवर तू बसणार होतास का?"